अकरा डॉलरचं यंत्र, अडीच लाखांची बोली

अंडरवुड नंबर ५ हा टाइपरायटर १९०० साली अमेरिकेत बाजारात आला आणि पुढच्या तीसेक वर्षांत त्याचे जवळपास चाळीस लाख नग खपले. तोच आज ऑनलाइन लिलावात ‘अतिदुर्मीळ’ म्हणून चढ्या भावाने मांडलेला दिसतो, आणि सोबत हमखास एक ओळ असते: ‘चालू असावा, रिबन नाही.’

खरोखर दुर्मीळ म्हणावं असं यंत्र आहे शोल्स अँड ग्लिडन. १८७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावी, बंदुका आणि शिलाई यंत्रं बनवणाऱ्या रेमिंग्टनच्या कारखान्यातून ते बाहेर पडलं. किंमत १२५ डॉलर. अक्षरं फक्त कॅपिटल, आणि काय उमटतंय ते टाइप करणाऱ्याला दिसतच नसे. असे पाचेक हजारच नग निघाले. संग्राहक यासाठी भरपूर पैसे मोजतात ते समजण्यासारखं आहे. पण अंडरवुड, रॉयल, स्मिथ-कोरोना ही कचेऱ्याकचेऱ्यांत आणि घराघरांत असलेली यंत्रं. संगणक आल्यावर ती माळ्यावर गेली. १९९५ मध्ये ईबे हे ऑनलाइन लिलावाचं संकेतस्थळ सुरू झालं आणि हे माळे एकदम बाजारात उघडले. खरं तर इतका माल समोर आल्यावर भाव पडायला हवेत. मग हे चढे आकडे आले कुठून?

एक मोठं कारण २००९ मधलं. कादंबरीकार कॉर्मॅक मॅकार्थी यांनी १९६३ मध्ये नॉक्सव्हिलला ५० डॉलरला घेतलेला ऑलिवेट्टी लेटेरा ३२ हा टाइपरायटर ख्रिस्टीज या लिलावसंस्थेने विक्रीला काढला. अंदाज होता १५ ते २० हजार डॉलरचा, गेला २,५४,५०० ला. पैसे सान्ता फे इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेला मिळाले. यातला खरा मासलेवाईक भाग पुढे आहे. मॅकार्थींना लिहायला यंत्र तर हवंच होतं. एका मित्राने त्यांना त्याच मॉडेलचा दुसरा नग आणून दिला, ११ डॉलरला. टपालखर्च त्याहून जास्त, वीसेक डॉलर. म्हणजे अडीच लाख मोजले गेले ते त्या बोटांसाठी. विक्रेत्यांनी मात्र लक्षात ठेवला तो फक्त आकडा, आणि प्रत्येक लेटेरा त्याच्या नात्यातला झाला.

दुसरी ठिणगी आपल्याकडून पडली. गोदरेजने टाइपरायटरचं उत्पादन २००९ मध्ये थांबवलं होतं; बातमी झाली एप्रिल २०११ मध्ये, ‘जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद’ अशी. परदेशी वृत्तपत्रांनी ती झेलली. ती पूर्ण खरी नव्हती. न्यू जर्सीची स्विनटेक तेव्हाही इलेक्ट्रॉनिक टाइपरायटर विकत होती, त्यातले काही तर तुरुंगांसाठी पारदर्शक, आत काही लपवता येऊ नये म्हणून. पण ‘आता मिळणार नाहीत’ एवढं कानावर पडलं की भाव चढवायला तेवढं पुरतं.

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फरक असतो, हेही नवखा गिऱ्हाईक विसरतो. महिनोन्‌महिने पडून राहिलेला नग पाहून दुसरा विक्रेता आपला भाव ठरवतो, त्याचा पाहून तिसरा. विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी पाहता येते; ती पाहिली की बरेच आकडे जमिनीवर येतात. वर खर्च निराळाच. रबरी रोलर वर्षानुवर्षांत दगडासारखा होतो, जुनं तेल घट्ट होऊन टाइपच्या दांड्या अडकतात, आणि कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, न बांधता पाठवलेलं यंत्र खोक्यातच वाकून येतं. दुरुस्त करणारे हात कमी उरलेत. त्यात काही लोक काचेच्या जुन्या कळा कापून अंगठ्या-बांगड्या करतात. या प्रकाराचा मला विशेष राग आहे: चांगली यंत्रं बोडकी होतात आणि उरलेली महागतात.

आपल्याकडे उलटाच प्रवास झाला. महाराष्ट्रात टायपिंगच्या परीक्षा संगणकावर गेल्या, आणि टायपिंग इन्स्टिट्यूटमधली बरीच यंत्रं भंगारात वजनावर निघाली. त्यांचीच भावंडं, गोदरेज प्रायमासारखी, आता ‘अँटिक’ म्हणून झळकतात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार अशी वस्तू किमान शंभर वर्षं जुनी लागते. गोदरेजचा पहिला टाइपरायटर १९५५ चा. त्यालाही या व्याख्येत बसायला २०५५ उजाडेल.