एडीएचडी असेल तर प्रो गोल्फ विसरा? असं काही नाहीये

कित्येक वर्षं एक गोष्ट फिरतीये की एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणारी मेंदूची स्थिती) असलेला माणूस प्रो गोल्फर होऊच शकत नाही, कारण चार-पाच तास सलग लक्ष कोण ठेवणार. पण सलग लक्ष ठेवायचंच नसतं ना! नियमांत एका शॉटसाठी ४० सेकंदांच्या आत खेळा अशी शिफारस आहे, समजा ७० शॉट धरले तरी पाऊण तासाच्या आसपासच होतं, बाकी वेळ चालणं, कॅडीशी (बॅग सांभाळणाऱ्या मदतनिसाशी) गप्पा, इकडे तिकडे बघणं. खरी कसरत म्हणजे लक्ष सोडायचं आणि परत आणायचं, आणि मधला तो रिकामा वेळ, तिथे एखादा खराब शॉट डोक्यात घोळत बसला की पुढच्या होलची वाट लागते. म्हणून ठरलेलं प्री-शॉट रूटीन, म्हणजे प्रत्येक शॉटआधी त्याच क्रमाने करायच्या गोष्टी, लागतं.

इंग्लंडची प्रो गोल्फर चार्ली हल बघा, २०२३ मध्ये तिने एडीएचडीचं निदान झाल्याचं उघड सांगितलं, आणि त्याच वर्षी ती यूएस विमेन्स ओपनमध्ये संयुक्त दुसरी आली.

दुसरी अफवा, एडीएचडीचं औषध घेतलं की डोपिंगमध्ये अडकलात. अर्धवट माहिती आहे ही. मिथाइलफेनिडेटसारखी स्टिम्युलंट्स (उत्तेजक औषधं) स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या यादीत आहेत हे खरं, पण डॉक्टरांच्या तपासण्यांची कागदपत्रं देऊन टीयूई म्हणजे उपचारासाठीची सूट मागता येते, मिळेलच असं नाही, म्हणून स्पर्धेच्या बरंच आधी अर्ज करायचा. ॲटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचं दुसरं औषध तर त्या यादीत नाहीच, पण म्हणून मनाने गोळी बदलू नका हां, ते डॉक्टरच ठरवतील.