संगणकशास्त्राची पीएचडी आणि जर्नलची अट: हा पेच आला कुठून?

रसायनशास्त्राच्या किंवा मराठीच्या संशोधकाला ‘जर्नलमध्ये पेपर आहे का?’ हा प्रश्न सरळ वाटतो. संगणकशास्त्रात मात्र त्यावरून गाइड, विभाग आणि पीएचडी सेक्शन यांच्यात वर्षानुवर्षं कागदं फिरत आली आहेत. कारण या विषयातलं बरंचसं उत्तम संशोधन आधी परिषदेत येतं, जर्नलमध्ये नंतर येतं किंवा येतच नाही.

ही रीत अमेरिकेत रुळली. ‘स्टॉक’ ही सैद्धांतिक संगणकशास्त्राची परिषद १९६९ची, प्रोग्रॅमिंग भाषांची ‘पॉपल’ १९७३ची, तर डेटाबेसची ‘व्हीएलडीबी’ १९७५ची. जर्नलचं परीक्षण वर्ष-दीड वर्ष चाले आणि तोवर ज्या यंत्रावर प्रयोग केले तेच जुनं होई. त्यामुळे परिषदांनीच परीक्षण कडक केलं. पानांची मर्यादा ठरलेली, तीन-चार परीक्षक, अनेक ठिकाणी लेखकांची नावं झाकलेली, आक्षेपांना उत्तर द्यायला मोजके दिवस आणि मग समितीत चर्चा. नावाजलेल्या परिषदांत आलेल्या पेपरांपैकी साधारण चौथा-पाचवा हिस्साच स्वीकारला जातो. मुदतही ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ पद्धतीची, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत. भारतात ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला संपते, त्यामुळे आपल्याकडच्या प्रयोगशाळांना एक जास्तीची रात्र मिळते. अमेरिकेतल्या कम्प्युटिंग रिसर्च असोसिएशनने १९९९मध्ये बढतीच्या निकषांवर टिपण काढलं, त्यातही या विषयात परिषदेतल्या पेपरला पूर्ण वजन द्यावं, अशीच भूमिका होती.

भारतातले संशोधक या रीतीला नवखे नव्हते. ‘एफएसटीटीसीएस’ ही सैद्धांतिक संगणकशास्त्राची परिषद १९८१पासून भरते आणि १९९६ची ‘व्हीएलडीबी’ मुंबईतच झाली. ऑगस्ट २००२मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे का, हे बहुपदी वेळात, म्हणजे संख्या खूप मोठी झाली तरी आटोक्यात राहणाऱ्या वेळात, तपासण्याची रीत शोधली. तो मसुदा वेबवरून काही दिवसांत जगभर वाचला गेला. ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये तो छापून आला २००४मध्ये.

अडचण नियमावलीने सुरू झाली. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००९च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी रेफरीड जर्नलमध्ये एक पेपर सक्तीचा केला. २०१६च्या नियमांत त्यात परिषदा-चर्चासत्रांतल्या दोन सादरीकरणांची भर पडली. पण परिषद कोणती, हे कुठेच नव्हतं. शंभरातले पंचवीस पेपर घेणारी आणि नोंदणी फी भरली की प्रमाणपत्र देणारी, दोन्ही एकाच रकान्यात. अध्यापकांच्या बढतीसाठी २०१०मध्ये एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण आले आणि पेपरांची मागणी आणखी वाढली.

या मागणीवर बाजार उभा राहिला. दोन-तीन दिवसांत स्वीकृती, मग ‘प्रोसेसिंग फी’, वर ठळक अक्षरांत ‘आयएसएसएन मान्यताप्राप्त’. आयएसएसएन हा नियतकालिकाचा फक्त ओळख क्रमांक आहे, दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही. यूजीसीने २०१७मध्ये मान्य नियतकालिकांची यादी काढली, तीही पोखरलेली निघाली. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि मोठ्या सूचींत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट असू शकतात, असं पुण्यातल्या अभ्यासकांनी २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं. त्याच वर्षी यूजीसीने यादीतून ४,३०५ नियतकालिकं वगळली. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षाच्या मदतीने २०१९मध्ये दर्जेदार नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली.

त्यातही या विषयाची कुचंबणा राहिलीच, कारण यादी मुळात नियतकालिकांची. ‘लेक्चर नोट्स इन कम्प्युटर सायन्स’चंच पाहा. परिषदांतले पेपर छापणाऱ्या या मालिकेला आयएसएसएन आहे आणि प्रत्येक खंडाला वेगळा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक. मग एखादा कारकून आयएसबीएन पाहून पेपर ‘पुस्तकातलं प्रकरण’ म्हणून लावतो, दुसरा आयएसएसएन पाहून जर्नल म्हणून, आणि दोघांपैकी कुणालाच चूक म्हणता येत नाही. ‘व्हीएलडीबी’ने हा पेच निराळ्या वाटेने सोडवला: २००८पासून तिचे पेपर ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द व्हीएलडीबी एंडोमेंट’ या नियतकालिकात छापले जाऊ लागले. पुढे पेपर दरमहा तिकडेच पाठवायचे आणि परिषदेत फक्त मांडायचे, अशी रीत झाली.

नोव्हेंबर २०२२च्या नियमांनी पेपरची सक्ती काढली आणि एमफिलही बंद केलं. फेब्रुवारी २०२५मध्ये केअर यादी गुंडाळून नियतकालिकं पारखण्याचं काम संस्थांवर सोपवलं. केंद्राची सक्ती गेली, तरी विद्यापीठाला स्वतःची अट घालता येते. जुन्या विद्यार्थ्यांना त्यांच्या नोंदणीच्या वेळचेच नियम लागू राहतात, म्हणून एकाच गाइडकडच्या दोघांना वेगवेगळ्या अटी असू शकतात. तेव्हा आपलं नोंदणीपत्र आणि त्या तारखेचा विद्यापीठाचा अध्यादेश एकत्र ठेवावा. पेपर पाठवण्याआधी ती परिषद ‘डीबीएलपी’ या संगणकशास्त्रातल्या पेपरांच्या ऑनलाइन सूचीत किती वर्षांपासून दिसते ते पाहावं. स्वीकृतीचा मेल, परीक्षकांचे अभिप्राय आणि डीओआय (पेपरचा कायमचा डिजिटल ओळख क्रमांक) यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. प्रबंध जमा करताना आरएसीची (संशोधन सल्लागार समितीची) बैठक आणि पीएचडी सेक्शन, दोन्हीकडे त्या लागतात.