सर्वश्रेष्ठ अमेरिकन कोण? (वाद)

अमेरिकेच्या इतिहासात सर्वांत थोर माणूस कोणता, यावर त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सार्वजनिक वाद. शाळेच्या वर्गात तो रंगतो आणि इतिहासकारांमध्येही. त्यापायी मतदाने झाली, स्मारके उभी राहिली, डोंगर कोरले गेले. अब्राहम लिंकन, जॉर्ज वॉशिंग्टन आणि मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनिअर) ही नावे बहुतेक याद्यांत फिरून फिरून येतात. मात्र मत द्यायचा अधिकार कोणाला होता, हे पाहिल्याशिवाय त्या याद्या नीट वाचता येत नाहीत.

या वादाला पहिले पद्धतशीर रूप न्यू यॉर्क विद्यापीठाने दिले. विद्यापीठाचे प्रमुख हेन्री मिचेल मॅक्रॅकन यांच्या कल्पनेतून न्यू यॉर्क शहराच्या ब्राँक्स भागातील टेकडीवर ‘हॉल ऑफ फेम फॉर ग्रेट अमेरिकन्स’ हे स्मारक उभे राहिले. नावात ‘हॉल’ असले तरी ही बंदिस्त वास्तू नाही. वास्तुविशारद स्टॅनफर्ड व्हाइट यांनी आखलेली ती ६३० फूट लांबीची, अर्धवर्तुळाकार, उघडी ओवरी आहे. खांबांच्या मधल्या जागांत ब्राँझचे अर्धपुतळे ओळीने मांडलेले असून खाली हार्लेम नदी दिसते. नावे कोणीही सुचवावीत, निवड मात्र देशभरातल्या नामवंतांच्या सुमारे शंभर जणांच्या मंडळाने करावी, अशी रीत होती. व्यक्ती मरून काही वर्षे लोटलेली असणे बंधनकारक होते. मृत्यूनंतरचा हळहळीचा लोट ओसरल्यावरच माणसाचे माप घ्यावे, हा त्यामागचा विचार आजही पटण्यासारखा आहे.

१९०० सालच्या पहिल्या निवडणुकीत २९ नावे निवडली गेली. वॉशिंग्टन यांना सर्वच्या सर्व ९७ मते पडली, लिंकन यांना ९६. त्याच पहिल्या तुकडीत रॉबर्ट ई. ली हेही निवडून आले. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या फौजेचे हे सेनापती. देश फोडण्यासाठी लढलेला आणि तो जोडण्यासाठी जीव गमावलेला (लिंकन), असे दोघेही एकाच वर्षी, एकाच मंडळाच्या मतांनी ‘थोर’ ठरले. त्या २९ जणांत एकही स्त्री नव्हती, एकही कृष्णवर्णीय नव्हता. स्त्रियांना पहिली जागा १९०५ साली मिळाली. शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या रूपाने पहिला कृष्णवर्णीय निवडला जायला १९४५ साल उजाडले. शेवटची निवडणूक १९७६ साली झाली. तोवर विद्यापीठाने ती जागा विकली होती आणि आता तिथे ब्राँक्स कम्युनिटी कॉलेज भरते. एकूण १०२ जण निवडले गेले, पण अखेरच्या काही जणांच्या पुतळ्यांसाठी पैसाच उभा राहिला नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये ली आणि दक्षिणेचेच दुसरे सेनानी स्टोनवॉल जॅक्सन यांचे पुतळे तिथून हलवण्यात आले. दिलेले थोरपण परत घेता येते, हे या ओवरीत प्रत्यक्ष पाहायला मिळते.

नंतरच्या मोजण्या बहुधा राष्ट्राध्यक्षांपुरत्या राहिल्या. इतिहासकार आर्थर श्लेसिंजर (सीनिअर) यांनी १९४८ साली ५५ अभ्यासकांचा कौल घेतला, तेव्हा लिंकन पहिले आले. सी-स्पॅन वाहिनीने २००० पासून घेतलेल्या चारही पाहण्यांत इतिहासकारांनी त्यांनाच अग्रस्थान दिले. साउथ डकोटा राज्यातल्या माउंट रशमोर या डोंगरावर वॉशिंग्टन, थॉमस जेफरसन, थिओडोर रूझवेल्ट आणि लिंकन यांचे साठ-साठ फुटी चेहरे १९२७ ते १९४१ या काळात कोरले गेले. तो डोंगर १८६८ च्या तहाने लकोटा या मूळनिवासी लोकांना दिलेल्या भूमीतला. ती भूमी बळकावल्याबद्दल भरपाई देण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली दिला, पण लकोटांनी पैसे घेतले नाहीत. त्यांना जमीन हवी आहे.

सामान्य प्रेक्षकांच्या हाती निवड गेली ती २००५ साली. ब्रिटनमध्ये २००२ साली बीबीसीने असा कार्यक्रम केला होता आणि चर्चिल जिंकले होते. त्याच धर्तीवर डिस्कव्हरी वाहिनीने मतदान घेतले. माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन पहिले आले, लिंकन अगदी थोडक्या मतांनी मागे राहिले, किंग तिसरे. रेगन यांचे निधन आदल्याच वर्षी, जून २००४ मध्ये झाले होते. पहिल्या दहांत गायक एल्व्हिस प्रेस्ली आणि दूरचित्रवाणीवरच्या ओप्रा विन्फ्री होत्या, पण जेफरसन नव्हते. ब्राँक्समधल्या वर्षांच्या अटीचे मोल इथे कळते.

याहून बोलका प्रयोग सॅम वाइनबर्ग आणि चाँसी मॉन्टे-सॅनो या अभ्यासकांचा. त्यांनी पन्नासही राज्यांतल्या सुमारे २,००० अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना, राष्ट्राध्यक्ष वगळून, सर्वांत प्रसिद्ध अमेरिकनांची नावे लिहायला सांगितली. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा किंग, बसमधली जागा गोऱ्यासाठी सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स आणि गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन ही पहिली तीन नावे निघाली. तिघेही कृष्णवर्णीय, दोघी स्त्रिया. प्रश्न प्रसिद्धीचा होता, थोरवीचा नव्हे, आणि त्यात स्त्रियांची नावे वेगळी मागितली होती, हेही ध्यानात घ्यायला हवे. तरी १९०० सालच्या मंडळाला ही यादी कल्पनेतही सुचली नसती. खुद्द किंग यांचे उदाहरण घ्या. १९६६ च्या गॅलप पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचे त्यांच्याविषयी प्रतिकूल मत होते. १९९९ साली त्याच संस्थेच्या पाहणीत विसाव्या शतकातील आदरणीय व्यक्तींमध्ये मदर तेरेसांच्या खालोखाल त्यांचे नाव होते.

वादाचा खरा कस लागतो तो गुलामगिरीपाशी. वॉशिंग्टन यांनी १७८३ साली विजयी फौजेचे सेनापतिपद आपण होऊन खाली ठेवले आणि पुढे दोन कार्यकाळांनंतर अध्यक्षपदही सोडले. हातची सत्ता अशी सोडणारे इतिहासात मोजकेच. पण १७९९ मध्ये ते वारले तेव्हा माउंट व्हर्नन या त्यांच्या मळ्यावर ३१७ गुलाम राबत होते. त्यांपैकी स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांना मुक्त करण्याची तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली. सर्व माणसे समान जन्मली आहेत, असे लिहिणाऱ्या जेफरसन यांनी आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली.

लिंकन यांचे माप घेणारे सर्वांत भेदक भाषण फ्रेडरिक डग्लस यांचे आहे. ते स्वतः १८३८ साली गुलामीतून निसटलेले. वॉशिंग्टन शहरात लिंकन यांचा पुतळा उभारण्यासाठी पहिले पाच डॉलर दिले शार्लट स्कॉट या मुक्त झालेल्या स्त्रीने. पुढचा पैसाही मुक्त झालेल्या गुलामांनीच जमवला, पण पुतळा कसा असावा हे त्यांना कोणी विचारले नाही. लिंकन उभे आणि त्यांच्या पायाशी गुडघ्यावर एक कृष्णवर्णीय, असे ते शिल्प. १४ एप्रिल १८७६ रोजी, लिंकन यांना गोळी लागली त्या दिवशीच्या तिथीला, अनावरण झाले. अध्यक्ष ग्रँट समोर बसले होते. डग्लस गोऱ्या श्रोत्यांना म्हणाले की लिंकन हे मुळात गोऱ्यांचे अध्यक्ष होते. तुम्ही त्यांची लेकरे, आम्ही फार तर सावत्र. गुलामगिरी मुळासकट उपटू पाहणाऱ्यांच्या नजरेने पाहिले तर लिंकन मंद, थंड आणि बेफिकीर वाटतात. पण ज्या देशाचे मन सांभाळणे त्यांना भाग होते, त्या देशाच्या भावनेशी ताडून पाहिले तर तेच चपळ, तळमळीचे आणि निर्धाराचे ठरतात. काही दिवसांनी डग्लस यांनी एका वृत्तपत्राला कळवले की गुडघ्यावरचा नव्हे, तर दोन पायांवर ताठ उभा असलेला कृष्णवर्णीय दाखवणारे स्मारक मला मरण्यापूर्वी पाहायचे आहे. या वादात दोन मापे एकाच माणसाला इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच कोणी लावली असतील. त्या शिल्पाची बोस्टनमधली प्रतिकृती डिसेंबर २०२० मध्ये काढण्यात आली. वॉशिंग्टनमधले मूळ शिल्प जागेवर आहे.

राजकारणाबाहेरची माणसे या याद्यांत मागे पडतात, हा मोठाच दोष. १९५५ साली पोलिओच्या लसीचे यश जाहीर झालेले जोनास सॉल्क, किंवा बुटक्या गव्हाचे नॉर्मन बोरलॉग ही ठळक उदाहरणे. बोरलॉग यांच्या वाणांचे १८,००० टन बियाणे १९६६ साली भारताने मेक्सिकोहून आणले. किती ताटांत त्यांचे श्रम उतरले आहेत, हे लक्षात घेतले तर त्यांचे नाव पहिल्या पाचांत हवे.

मराठी वाचकाची यादी यापेक्षा वेगळी भरेल. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) मुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घरांत जितके आपले झाले, तितका दुसरा अमेरिकन क्वचितच झाला असेल. ब्राँक्सच्या ओवरीत त्यांची निवड १९७३ सालची. लिंकन इथे पोचले ते शाळेच्या भिंतीवरून. मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले म्हणून जे पत्र वसंत बापट यांच्या मराठी रूपात अनेकांना पाठ असते, ते लिंकन यांच्या संकलित लेखनात मात्र नाही.

त्याआधीचा दुवा फार खोल आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थ झीज सोसली, त्यांना अर्पण केले. अर्पणपत्रिकेत लिंकन यांचे नाव नाही, कोणा एकाचेच नाही. आपल्या देशबांधवांनी त्या लोकांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, ही इच्छा मात्र त्याच अर्पणपत्रिकेत आहे.