करिअर सिम्युलेशन

करिअर सिम्युलेशन : एखाद्या व्यवसायात शिरण्याआधी त्यातले काम बेतलेल्या प्रसंगातून करून पाहण्याची पद्धत. मराठीत ‘अनुरूपण’ म्हणता येते, पण कॉलेजात सगळे सिम्युलेशनच म्हणतात. नाटकवाल्यांच्या भाषेत ही रंगीत तालीम. फरक एवढाच की तालमीला उभ्या राहणाऱ्याला भूमिका आधीच मिळालेली असते, इथे ती घ्यायची की नाही हेच ठरवायचे असते. प्रशिक्षणासाठीच्या सिम्युलेशनमध्ये चुका कमी झाल्या की काम झाले. करिअर शोधताना मात्र ‘हे आपले काम नव्हे’ एवढे कळले तरी दिवस सार्थकी लागला म्हणायचा.

यंत्राच्या बाजूने पाहिले तर मूळ विमानविद्येत सापडते. अमेरिकेतल्या एडविन लिंक यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस वैमानिकांसाठी जमिनीवरच डोलणारे खोटे विमान बनवले. वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता, तिथलेच भाते त्यांनी वापरले. म्हणजे पहिल्या प्रसिद्ध सिम्युलेटरचे नाते आपल्या पेटीशी लागते. करिअर निवडीसाठी हा विचार आला तो १९६० च्या दशकात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सेरेन बूकॉक यांनी ‘लाइफ करिअर’ नावाचा खेळ रचला. त्यात गटागटाने एका काल्पनिक तरुणाचे आयुष्य वर्षावर्षाने आखायचे, त्याचा वेळ शिक्षण, नोकरी, घर आणि मौज यांत वाटायचा. मध्येच नशिबाचा एखादा फेरा येऊन बेत उलटवतो.

हा खेळ गोव्यात मांडायचा झाल्यास नशिबाचे फेरे शोधायला लांब जावे लागणार नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, नंतर सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रक, बार्ज (खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी), गॅरेज, खानावळी यांवर पोट असलेल्या घरांना तो फेरा खराखुरा लागला. ‘खाण बंद’ अशी चिठ्ठी उचलल्यावर कर्जाचे हप्ते कसे फेडणार, हा प्रश्न डिचोली-सांगे या खाणींच्या तालुक्यांतल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

गोव्यातला दुसरा जुना रस्ता म्हणजे बोटीवर जाणे. व्यापारी जहाजांच्या अधिकाऱ्यांसाठी सिम्युलेटरवरचे काही प्रशिक्षण आंतरराष्ट्रीय नियमांनीच सक्तीचे आहे, त्यामुळे इथे तंत्र चांगलेच मुरलेले आहे. जहाजाच्या ब्रिजची, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या कक्षाची, हुबेहूब खोली, समोर अर्धगोल पडद्यावर समुद्र, बाजूला रडार. दुसरे जहाज आडवे येते. ते आपल्या उजव्या हाताला असेल तर वाट आपण द्यायची, हा नियम विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो. तरीही पहिल्यांदा हात थबकतोच. जहाज रुतले तर प्रशिक्षक बटण दाबून पुन्हा सुरुवात करतो. कांदोळीला २००० साली रुतलेले ‘रिव्हर प्रिन्सेस’ मात्र दहा वर्षांहून अधिक काळ किनाऱ्यावर तसेच पडून होते.

करिअरची चाचपणी करायची तर हा थरार फारसा कामाचा नाही. रात्री बारा ते चारची पाळी, आणि तीन तास काहीच घडत नाही, असा प्रसंग लावायला हवा. नियमाने चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळते, पण झोपेचे गणित बसवायचे ज्याचे त्यानेच. बहुतेक सिम्युलेशनची खोड हीच की त्यांत कंटाळा नसतो. व्यवसाय आवडेल की नाही हे पुष्कळदा कंटाळ्यावरच ठरते.

हॉटेलच्या कामाला महागडे यंत्र लागत नाही. एक टेबल, एक फोन, बुकिंगची यादी आणि एकच खोली दोघांना दिली गेल्याचा घोळ एवढे पुरते. विमान उशिरा आलेले कुटुंब, कडेवर झोपलेले मूल, मागे रांग. विद्यार्थी माफी मागून चटकन दुसऱ्या हॉटेलचा पर्याय देतो की नियम वाचून दाखवतो, हे पाच मिनिटांत दिसते. त्यानंतरची चर्चा मात्र निदान अर्धा तास चालायला हवी. तेव्हा काय वाटले, कुठे राग आला, रोज असेच झाले तर चालेल का? ही चर्चा गाळली की उरतो तो निव्वळ खेळ.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने इंटर्नशिपवर भर दिला आहे. मग सिम्युलेशन कशाला, असे कोणी विचारील. गोव्यात याला एक व्यवहारी उत्तर आहे. पर्यटनाचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च, नेमका वर्ग चालू असण्याचा काळ. शिवाय इंटर्नशिपमध्ये एकच जागा दिसते आणि तीही पाहुणी म्हणून. पण सिम्युलेशनला घाम नसतो, पगार नसतो आणि वरिष्ठाचा मूड नसतो, हेही खरेच.

वैद्यकात रुग्णाची भूमिका वठवणाऱ्या माणसांचा वापर अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये सुरू केला. तयार प्रसंग बहुतेक इंग्रजीत असतात आणि त्यांतला रुग्ण नेटक्या वाक्यांत लक्षणे सांगतो. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात सत्तरी तालुक्यातून आलेली आजी तसे सांगत नाही. ती आधी बसचे सांगते, मग सुनेचे, मग ‘अंगात कणकण आहे’ म्हणते, आणि छातीतली कळ उठून जाताना आठवते. असा रुग्ण उभा करायला अभिनेते बाहेरून आणायची गरज नाही. देवळाच्या उत्सवात दरवर्षी नाटकाला उभे राहणारे हौशी नट गोव्यात गावोगावी आहेत. त्यांच्या हातात फक्त दुखण्याची संहिता द्यायची.