गोधडी शिवण्याचा छंद आणि मन (कोकण)

गोधडी म्हणजे जुन्या सुती कपड्यांचे थर एकावर एक पसरून, धावदोरा घालून हाताने शिवलेलं अंथरूण-पांघरूण. काही भागात तिला वाकळ म्हणतात, आणि तान्ह्या बाळासाठी शिवतात ते दुपटं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे काम आधी गरजेचं होतं. आता बाजारात ब्लँकेट सहज मिळतं तरी बायका शिवतात, कारण शिवताना मनाला बरं वाटतं.

खरा सीझन उन्हाळा, पाऊस लागायच्या आधी. सारवलेल्या खळ्यात चटई टाकायची, वर नऊवारी लुगडं ताणून पसरायचं, कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, आत जुनी पातळं, धोतरं, चादरी, कुठे सुरकुती राहू द्यायची नाही, मग लांब लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे आणि बारीक धावदोरा सुरू करायचा. पहिल्या ओळींना हात अडखळतो, डोक्यात घरातली कामं चालूच असतात, पण एकदा सुईला लय सापडली की श्वास आपोआप संथ होतो आणि बाजूचा चहा गार झालेला कळतही नाही. मानसशास्त्रात या तल्लीन अवस्थेला 'फ्लो' म्हणतात, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांची. शिवाय दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे मोबाईल लांब राहतो, हे काही थोडंथोडकं नाही.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत एका क्विल्टिंग (तिकडच्या गोधड्या शिवणाऱ्या) ग्रुपमधल्या २९ जणांच्या मुलाखती घेऊन केलेला अभ्यास २०१२ साली 'जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ'मध्ये छापून आला. रंगांनी मन उल्हसित होतं, एकाग्रता लागते, मैत्री जुळते आणि कोणी कौतुक केलं की स्वतःबद्दल चांगलं वाटतं, असं त्यात आढळलं. यातला मैत्रीचा मुद्दा कोकणाला फारच लागू आहे. मुलं मुंबईला, गणपतीत आणि मे महिन्यात घर भरतं, एरवी मोठ्या घरात म्हातारं माणूस एकटं. दुपारी शेजारणी एका गोधडीच्या चार बाजूंना बसल्या की सासर-माहेर, आजारपण, मुलाचा न आलेला फोन, सगळं बोलून होतं, आणि नजर टाक्यावर असल्यामुळे अवघड गोष्टही सांगता येते.

सगळ्यात मोठा फायदा मात्र दुःखाच्या बाबतीत आहे असं मला मनापासून वाटतं. माणूस गेल्यावर त्याचे कपडे टाकवत नाहीत आणि कपाटात बघवतही नाहीत. आजीच्या लुगड्याचा काठ गोधडीच्या कडेला लावला, आजोबांचं धोतर आतल्या थरात गेलं की त्या कपड्यांना जागा मिळते, आणि रोज रात्री ते अंगावर येतात. हीच ओढ अमेरिकेतल्या एड्स मेमोरियल क्विल्टमागे होती. १९८७ साली वॉशिंग्टनमध्ये ती पहिल्यांदा मांडली तेव्हा गेलेल्या माणसांच्या आठवणीत शिवलेले १,९२० तुकडे त्यात होते.

खाली कारवारकडे गेलं तर उत्तर कन्नडमधल्या सिद्दी (मूळ आफ्रिकेतून आलेला समाज) बायकांची 'कवंदी' नावाची गोधडी बघावी. ती कडेपासून सुरू करून गोल गोल आत मध्यापर्यंत शिवतात आणि कोपऱ्यांना रंगीत कापडाची फुलं लावतात.

नवशिक्याने थेट मोठी गोधडी घेऊ नये, अर्धवट राहिली की उलट टेन्शन येतं. आधी दुपटं शिवावं, कापड जुनं आणि मऊच घ्यावं, उजेडात बसावं, मान अवघडली की उठावं. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांकडे जावंच, गोधडी सोबतीला चालू ठेवता येते.