नो क्लेम बोनस : वाहनविम्यातील खंड आणि सवलतीचा हक्क

मोटार विम्याच्या सरलेल्या मुदतीत विमाधारकाने नुकसानभरपाईचा एकही दावा केला नसेल, तर नूतनीकरणाच्या वेळी त्याला हप्त्यात जी सूट मिळते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. नावात ‘बोनस’ असला तरी हातात रोख काही पडत नाही. पुढचा हप्ता तेवढा कमी होतो. बोलण्यात आणि कागदपत्रांतही ‘एनसीबी’ हे लघुरूप रूढ आहे. भारतात ही सूट पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्के, सलग दोन वर्षांनंतर २५, तीन वर्षांनंतर ३५, चार वर्षांनंतर ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के अशी चढते व तेथेच थांबते. मध्ये एखादा दावा झाला की पुढच्या नूतनीकरणाला ती शून्यावर येते. गाडी विकली, नोकरीनिमित्त परदेशी जावे लागले किंवा आजारपणामुळे वाहन चालवणे बंद झाले, तर साठवलेली सूट टिकते का, हा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर चालकाच्या परवान्यात किंवा गाडी चालवण्याच्या सवयीत सापडत नाही, ते पॉलिसीवरील तारखांत असते.

ही सूट हप्त्याच्या एकाच भागाला लागू होते, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या हानीचा विमा, तिच्या कक्षेबाहेर आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १,००० ते १,५०० सीसीच्या खाजगी मोटारीचा वार्षिक थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये आहे, आणि गाडीला दहा वर्षे ओरखडा उठला नाही तरी तो एका रुपयानेही उतरत नाही. सूट मिळते ती स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठी असलेल्या भागावर, ज्याला ‘ओन डॅमेज’ म्हणतात. हा भाग समजा १०,००० रुपयांचा असेल, तर पाच दावारहित वर्षे पूर्ण केलेल्या विमाधारकाला त्याचे ५,००० रुपयेच भरावे लागतात.

या दोन भागांच्या वेगळेपणातून अलीकडे एक नवीच गफलत होऊ लागली आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, ओन डॅमेजचा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. पहिले वर्ष संपले तरी थर्ड पार्टी विमा जिवंत असल्यामुळे मालकाला आपले कागद पूर्ण आहेत असे वाटते आणि वाहतूक पोलिसांची कारवाईही होत नाही. दरम्यान ओन डॅमेजची मुदत संपून सूट हातची गेलेली असते. गाडी काही काळ वापरायची नाही म्हणून केवळ थर्ड पार्टी विमा चालू ठेवणाऱ्याच्या बाबतीतही तो विमा एनसीबीच्या हिशेबात धरला जात नाही.

या सवलतीचे नियम १ जुलै २००२ पासून अमलात आलेल्या ‘इंडिया मोटर टॅरिफ’ या वाहनविम्याच्या दर-नियमावलीच्या सत्ताविसाव्या सर्वसाधारण नियमात एकत्र आले. त्याआधी सूट ५५ आणि ६५ टक्क्यांपर्यंतही जात असे, आणि संक्रमणकाळात त्या पायरीवर पोचलेल्यांचा हक्क पहिला दावा होईपर्यंत राखून ठेवण्यात आला. १ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर खुले झाले, म्हणजे ते ठरवणे कंपन्यांवर सोपवले गेले, पण सवलतीच्या पायऱ्या आणि खंडाचे नियम कंपन्यांच्या व्यवहारात मुख्यतः त्याच स्वरूपात राहिले.

खंडाला दोन मुदती लागू होतात. गाडी विमाधारकाकडेच आहे, वापरात आहे आणि पॉलिसी वेळेवर नूतनीकृत झालेली नाही, अशा स्थितीत मुदत संपल्यापासून ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केल्यास एनसीबी टिकतो, त्यानंतर तो नाहीसा होतो. या ९० दिवसांना विम्याचे संरक्षण समजणे ही मोठी चूक आहे, कारण त्या काळात जपला जातो तो केवळ सवलतीचा हक्क. मधल्या दिवसांत अपघात झाला तर भरपाई मिळत नाही, आणि थर्ड पार्टी विमाही संपला असेल तर गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा ठरतो. खंडानंतर कंपनी सहसा गाडीची पाहणी करून मगच ओन डॅमेजची पॉलिसी देते. एजंटांच्या भाषेत ही ‘ब्रेक-इन’ केस असते.

दुसरी मुदत तीन वर्षांची आहे, आणि वाहनापासून खरोखर दूर गेलेल्या माणसासाठी तीच महत्त्वाची ठरते. गाडी विकून लगेच दुसरी घेतली नाही, अथवा गाडी वापरातून काढून उभी करून ठेवली, तर आधीची पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत नवी पॉलिसी घेतल्यास जुनी सूट पुन्हा मिळू शकते. मात्र ती गोठलेली असते : शेवटच्या पूर्ण बारा महिन्यांच्या अखेरीस जी टक्केवारी मिळवली होती तीच लागू होते, खंडाची वर्षे तीत भर घालत नाहीत. शिवाय नवे वाहन जुन्याच वर्गातले असावे लागते, त्यामुळे मोटारीवर कमावलेली सूट स्कूटरला लावता येत नाही.

विक्रीच्या बाबतीत हा हक्क सिद्ध करणे सोपे असते. मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ व फॉर्म ३० च्या प्रती, नाव बदललेल्या आरसी बुकाची प्रत आणि जुनी पॉलिसी कंपनीकडे दिली की ती सूट राखून ठेवल्याचे पत्र देते, ज्याला एनसीबी सर्टिफिकेट किंवा रिझर्व्हिंग लेटर म्हणतात. गाडी विकल्याबरोबर हे पत्र घेऊन ठेवावे. दोन वर्षांनी जुन्या कंपनीचे दार ठोठावत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरे. उभ्या गाडीचे प्रकरण तितके सरळ नसते. विक्रीची तारीख कागदावर असते, पण गाडी अंगणात ताडपत्रीखाली होती याचा दाखला कोणतेही कार्यालय आपणहून देत नाही. म्हणून गाडी उभी करण्यापूर्वीच कंपनीला लेखी कळवून पोच घेतलेली बरी.

एनसीबी हा वाहनाचा किंवा पॉलिसीचा गुण नसून विमाधारक व्यक्तीचा हक्क आहे, या तत्त्वावर वरील सर्व नियम उभे आहेत. विमाधारक कंपनी बदलतो तेव्हा तो त्याच्याबरोबर जातो. गाडी विकली जाते तेव्हा खरेदीदाराला मिळत नाही, आणि चालू पॉलिसी त्याच्या नावावर करताना उरलेल्या मुदतीच्या सवलतीची रक्कम वसूल केली जाते. याच तत्त्वामुळे एक विसंगतीही निर्माण होते. दुबईत नोकरी करणाऱ्याची गाडी चिपळूणला दाराशी उभी असेल आणि तो दरवर्षी ऑनलाइन पूर्ण हप्ता भरत असेल, तर स्टिअरिंगला हात न लावताही त्याची सूट वाढत राहते. उलट वडिलांच्या नावावरची गाडी वर्षानुवर्षे जपून चालवणाऱ्या मुलाच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. या तत्त्वाला अपवाद मृत्यूचा आहे. मालकाच्या पश्चात गाडीचा ताबा व वापर पती किंवा पत्नी, मुले अथवा आईवडील यांच्याकडे आला तर सूटही त्यांच्याकडे येते. भावाबहिणींचा उल्लेख त्या नियमात नाही.

परदेशातून परतणाऱ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. तेथे मिळवलेल्या दावारहित वर्षांचा पुरावा दिल्यास, आणि तेथील पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत भारतात विमा घेतल्यास, ती वर्षे येथे धरता येतात. लंडन किंवा मस्कतहून कायमचे परतणाऱ्याने सामान बांधतानाच तेथील कंपनीचे पत्र मागून घ्यावे. ब्रिटनमध्ये अशा सवलतीसाठी बहुतेक कंपन्या दोन वर्षांपर्यंतचाच खंड मान्य करतात. ती कंपन्यांची प्रथा आहे, कायदा नव्हे.

पुरावा हाती नसेल, तर आपण सांगितलेली टक्केवारी खरी आहे असे प्रतिज्ञापन विमाधारकाकडून घेऊन सूट देण्याची मुभा नियमात होती. त्यानंतर नव्या कंपनीने २१ दिवसांत जुन्या कंपनीला लिहावे आणि तिने पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावे, असा क्रम ठरलेला होता. प्रतिज्ञापन खोटे निघाल्यास ओन डॅमेजचे सर्व लाभ जप्त होतात. अर्जातला तो एक रकाना कधीकधी एजंटच भरून टाकतो आणि मालक वाचतही नाही. दाव्याच्या वेळी मात्र सही त्याचीच असते. काही हजारांच्या सवलतीपायी लाखांची भरपाई अडकल्याचे वाद ग्राहक आयोगांपुढे आलेले आहेत.

वाहन पूर्ण बंद न होता वापर फक्त घटला असेल, तर पॉलिसी सोडण्याऐवजी ती स्वस्तात चालू ठेवण्याचा मार्ग आता उपलब्ध आहे. विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ‘पे ॲज यू ड्राइव्ह’ प्रकारच्या पुरवणी संरक्षणास परवानगी दिली, ज्यात ओन डॅमेजचा हप्ता गाडीच्या किलोमीटरशी जोडता येतो. पॉलिसीत खंड पडत नसल्याने दावा न झाल्यास एनसीबीची पुढची पायरी नेहमीप्रमाणे मिळत जाते.