उपभोग आणि क्षय दाखवणारी इंग्रजी क्रियापदे

एखादी गोष्ट वापरली जाणे, घटत जाणे किंवा संपून जाणे या क्रिया सांगणारा इंग्रजी क्रियापदांचा गट. कन्झ्यूम, डिप्लीट, एक्झॉस्ट, ड्रेन, डिव्हाउर, स्पेंड, एक्सपेंड, वेस्ट, स्क्वाँडर, यूज अप, रन आउट ही त्यांतली नेहमी भेटणारी. समानार्थी शब्दांच्या कोशात ती एकाच ओळीत बसवलेली असतात आणि कुठलेही उचलून कुठेही चालेल असे वाटू लागते. साठा किती उरला, आणि संपवणाऱ्याला दोष द्यायचा आहे का, हे दोन प्रश्न विचारले की ती ओळ लगेच मोडते.

पहिल्या प्रश्नावर सर्वांत जास्त गल्लत डिप्लीट आणि एक्झॉस्ट यांच्यात होते. डिप्लीट म्हणजे साठा चिंताजनक प्रमाणात घटवणे. तो शून्यावर येतोच असे नाही. ओझोनचा थर डिप्लीट झाला म्हणतात तेव्हा तो विरळ झालेला असतो, नाहीसा झालेला नसतो. नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३५ सुमारे ०.७ टक्के असते. हे प्रमाण वाढवण्याच्या प्रक्रियेनंतर, म्हणजे समृद्धीकरणानंतर, ज्या उरलेल्या भागात ते साधारण ०.२ ते ०.३ टक्के उरते त्याला डिप्लीटेड युरेनियम म्हणतात. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘रिकामे करणे’ असा असून त्यातला ‘भरणे’ हा धातू कम्प्लीट या शब्दातही आहे. डिप्लीशन हे नाम आधी वैद्यकात रूढ झाले, रुग्णाचे रक्त काढण्याच्या उपचारासाठी. डिप्लीट हे क्रियापद मात्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, म्हणजे बरेच नंतरचे. हिशेबशास्त्रात खाण, तेलविहीर अशा उपशाने घटणाऱ्या मालमत्तेच्या घसाऱ्याला डिप्लीशन म्हणतात. यंत्राच्या घसाऱ्याला डेप्रीसिएशन हा वेगळा शब्द आहे.

एक्झॉस्ट मात्र तळ गाठतो. त्याचे लॅटिन मूळ ‘पाणी उपसून बाहेर काढणे’ असे आहे, आणि मराठीतले ‘उपसणे’ त्याच्या इतके जवळ आहे की शब्दकोशातले ‘थकवणे’ त्यापुढे फिके वाटते. थकलेला माणूस एक्झॉस्टेड, कारण त्याच्यातली शक्ती उपसली गेली. काम करून झालेली वाफ किंवा धूर इंजिनातून बाहेर पडतो तोही एक्झॉस्ट. कायद्यात रेमेडीज एक्झॉस्ट करणे म्हणजे न्यायालयात येण्याआधी उपलब्ध असलेले सगळे मार्ग चोखाळून झालेले असणे. एक जरी बाकी असला तरी हे क्रियापद लागू होत नाही. एक्झॉस्टिव्ह यादी दमवणारी नसते. तिच्यात काहीही सुटलेले नसते, एवढाच तिचा अर्थ. भाषांतरांत ती अधूनमधून ‘थकवणारी यादी’ होऊन येते.

कन्झ्यूमचा प्रवास सर्वांत लांबचा. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा सुरुवातीचा रोख नाशावर होता: आग घर कन्झ्यूम करते, रोग शरीर कन्झ्यूम करतो. म्हणूनच कन्झम्प्शन हे फुप्फुसाच्या क्षयाचे जुने प्रचलित नाव. मराठीतल्या ‘क्षय’ या रोगनामामागेही झिजून जाण्याचीच कल्पना आहे. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये या रोगाचा जीवाणू ओळखला आणि पुढे ट्यूबरक्युलोसिस हे नाव रुळत गेले. दरम्यान अर्थशास्त्राने कन्झम्प्शनला उत्पादनाचा जोडीदार करून ठेवले. आज विजेचे, इंधनाचे किंवा अन्नाचे कन्झम्प्शन म्हणताना नाशाची आठवणही कुणाला होत नाही. पण मत्सराने किंवा अपराधी भावनेने कन्झ्यूम झालेला माणूस म्हटला की जुनी आग पुन्हा दिसते. कन्झ्युमेट हे दिसायला भावंड, पण त्याचा अर्थ पूर्णत्वाला नेणे.

खाण्याच्या क्रियापदांत व्याकरणाचाही फरक आहे. ईट कर्माशिवाय चालते, ‘जेवलास का?’ या अर्थाच्या प्रश्नात काय खाल्ले ते सांगावे लागत नाही. डिव्हाउर आणि कन्झ्यूम यांना कर्म लागतेच. डिव्हाउरमध्ये हावरेपणा आहे, पण पुस्तक डिव्हाउर करणे ही तक्रार नसून कौतुक असते. मराठीत ‘फडशा पाडला’ म्हणावे तसे.

दोषाच्या प्रश्नावर स्पेंड तटस्थ राहतो. पैसा आणि वेळ ही त्याची घरची कर्मे. तोलून देणे या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो जुन्या इंग्रजीतच आला, आणि तोच लॅटिन शब्द नंतर पुन्हा थेट घेतला गेला तो एक्सपेंड. हा दुसरा अधिक औपचारिक असून शक्ती, श्रम, दारूगोळा यांच्यासाठी वापरतात. वेस्ट म्हणजे वाया घालवणे. ते नकळतही होते. स्क्वाँडरमध्ये उधळपट्टीचा ठपका ठेवलेलाच असतो, मग ती पैशाची असो की चालून आलेल्या संधीची.

बोलीच्या इंग्रजीत यातले बरेच काम अप हे छोटे अव्यय करते: यूज अप, ईट अप, ड्रिंक अप, बर्न अप. इथे त्याचा ‘वर’शी संबंध नसतो, क्रिया शेवटपर्यंत गेली एवढेच ते सांगते. मराठीत हे काम बहुधा ‘टाकणे’ करते. ‘तासभर खाल्ले’ चालते, ‘तासाभरात खाऊन टाकले’ चालते, पण ‘तासभर खाऊन टाकले’ कानाला खटकते. तत्त्वज्ञ झेनो व्हेंडलरने १९५७ मध्ये इंग्रजी क्रियापदांची वर्गवारी मांडली तेव्हा अशाच कालवाचक शब्दांची कसोटी वापरली होती.

रन आउटची रचना शिकणाऱ्याला हमखास अडवते. पाणी रन आउट होते आणि माणसेही पाण्याच्या बाबतीत रन आउट होतात, म्हणजे त्यांच्याकडचे पाणी संपते. पहिल्या वाक्यात कर्ता साठा आहे, दुसऱ्यात तो ज्यांचा होता ती माणसे, आणि तिथे ऑफ (of, off नव्हे) हे शब्दयोगी अव्यय लागते. मराठी दोन्ही ठिकाणी ‘संपणे’ वापरते आणि कर्ता बदलत नाही: पाणी संपले, आमचे पाणी संपले. यूज अपला मात्र वापरणारा कुणीतरी लागतो. म्हणून पाणी कुणामुळे संपले हे सांगायचे टाळणारा इंग्रजी वक्ता रन आउटकडेच वळतो.